त्या कांद्यांचं काय करायचं?

पत्र

ताई, नाव छापू नका. वय २७, माहेर चाळीसगाव, दीड वर्षापूर्वी लग्न होऊन भुसावळला आले. हे रेल्वेत, मी बँकेत. घरात सासूबाई आहेत, वय ५७, त्यांचं माहेर शिरपूर तालुक्यातलं. मला कॉलेजपासून सिनेमाचं वेड. स्मिता पाटील माझं दैवत, तिच्यापुढे मला दुसरं कुणी दिसतच नाही. ‘उंबरठा’ किती वेळा पाहिला ते आता मोजत नाही. ‘जैत रे जैत’, ‘सामना’, ‘कोर्ट’ हे माझे सिनेमे. सासूबाईंना ‘माहेरची साडी’, अशोक सराफ, दादा कोंडके आणि मोबाइलवरची अहिराणी गाणी आवडतात.

यंदा कानबाईला, आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, सगळी भावकी आमच्याकडे होती. रात्री जागरण. कुणीतरी मोबाइल टीव्हीला जोडून ‘माहेरची साडी’ लावला. बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, “एवढं रडायचंच आहे तर किलोभर कांदे कापा ना, त्यासाठी तीन तास कशाला?” दिरांची पोरं खो-खो हसली. हेही हसले. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांडण झालं नाही, वाकडा शब्द नाही. पण त्या दिवसापासून मी घरात असले की त्या टीव्ही लावत नाहीत. बँकेतून येताना जिन्यात आवाज ऐकू येतो, मी दार उघडलं की बंद. तीन आठवडे झाले.

वाईट सिनेमाला वाईट म्हणणं चूक आहे का? मत बदललेलं नसताना माफी मागायची का? आणि त्यांच्याबरोबर बसून पाहता येईल असा एखादा सिनेमा सांगाल का? ह्यांना विचारलं तर म्हणतात, तुमचं तुम्ही बघून घ्या.

— भुसावळची सून

उत्तर

सूनबाई,

कांद्यांचं वाचून मी हसले, हे आधीच कबूल करते. मग माझ्या लक्षात आलं की मीही आता सासू आहे, आणि हसू जरा आवरलं. दोन्ही पाटांवर बसून झालंय माझं, म्हणून उत्तर लांबणार. चहा घेऊन बस.

वाईट सिनेमाला वाईट म्हणणं चूक नाही. ‘माहेरची साडी’ मलाही चांगला सिनेमा वाटत नाही. विजय कोंडके यांनी तो १९९१ मध्ये आणला, मूळच्या ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी सिनेमावरून. कुठे रडायचं ते त्यात आधी संगीत सांगतं, मग पात्रं सांगतात, आणि तरीही कुणी मागे राहिलं असेल तर कॅमेरा अलका कुबलच्या डोळ्यांवर जाऊन थांबतो. वाईट माणूस दारातून आत येतो तेव्हा वाईट असतो आणि बाहेर जातो तेव्हाही तेवढाच. उषा नाडकर्णींच्या सासूला एक क्षण तरी दमलेली, घाबरलेली दाखवली असती तर माझी काही हरकत नव्हती. सोसणं हाच बाईचा पराक्रम, हे त्यातलं म्हणणं मला तेव्हाही टोचलं आणि आजही टोचतं. हे सगळं मी तुझ्या सासूबाईंसमोर बसूनही म्हणेन. तेव्हा तुझं मत तू पुसू नकोस.

पण तू तो कसा पाहिलास? टीव्हीवर, मधूनच, फोन हातात, आणि शेजारी हसायला तयार बसलेली पोरं. मी कसा पाहिला ते ऐक.

माझं लग्न १९८९ चं. पारोळा तालुक्यातलं गाव, कापसाचं घर, तीन जावा. मी सगळ्यांत धाकटी आणि बी.ए. झालेली, म्हणून गरजेपेक्षा थोडी जास्त शहाणी. सिनेमा लागून कितीतरी महिने झाल्यावर तो आमच्या तालुक्याच्या टॉकीजला आला. घरातल्या बायकांनी सिनेमाला जायची रीत नव्हती. यात्रेत तंबू लागायचा, पण तो पुरुषांचा. आणि एका दुपारी भांडी घासून होतात न होतात तोच सासूबाईंनीच फर्मान काढलं, “उठा व पोरीसहो, पिच्चरले जानं से.”

कापूस टाकून नुकतीच रिकामी झालेली ट्रॉली होती, फळ्यांच्या फटींत अजून बोंडांची फोलं. त्यावर सतरंजी टाकून आम्ही गल्लीतल्या वीसेक बायका निघालो, कडेवरची पोरं वेगळी. टॉकीजबाहेर आमच्यासारख्याच आणखी ट्रॉल्या आणि बैल सोडलेल्या गाड्या. बायकांची खिडकी वेगळी होती आणि तिच्यापुढे लुगड्यांची झुंबड. आत पंखे फिरत होते ते नुसते आवाजापुरते. कुणी घरून फुटाणे आणलेले, कुणी लाह्या.

अर्ध्या तासात सगळं टॉकीज मुसमुसायला लागलं. माझी सासू पडद्यावरच्या सासूला शिव्या देत होती. “मरी जाय व सटवे!” असं मोठ्यांदा. मी कोरडी ठणठणीत. मोठ्या जावेनं कोपर मारलं, “तुले रडू नही येत का व?” मी म्हटलं, किती खोटं आहे हे सगळं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, “पिच्चरकरता कोन रडी राहिनं व?”

परतताना अंधार झाला होता. ट्रॉलीत आधी कुणीच बोलेना. मग मधली जाऊ बोलायला लागली. ही बाई वर्षभरात माझ्याशी शंभर शब्द बोलली नसेल. तिच्या पहिल्या बाळंतपणाला तिचा भाऊ न्यायला आला होता, त्याला ओसरीवरूनच परत पाठवला गेला, आणि ती आतून त्याच्या चपलांचा आवाज ऐकत राहिली, असं ती सांगत होती. कुणी पाठवला हे तिनं सांगितलं नाही. गरज नव्हती. पाठवणारी ट्रॉलीत पुढेच बसली होती, ट्रॅक्टरकडे तोंड करून. तिनं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे सासूबाईंनी मधलीला विचारलं, “माहेरले जाईसन तुले कितला दिन व्हयनात व?”

फार गोड समजू नकोस. वेचणी संपेपर्यंत तिला सोडलं नाहीच, आणि ती परत आली तेव्हा सासूबाई होत्या तशाच होत्या. पण त्यानंतर तिचा भाऊ कधी ओसरीवरून परत गेला नाही, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे पंधराएक वर्षांनी तोच सिनेमा मी घरात एकटीनं टीव्हीवर लावला. अर्ध्यात बंद केला. तुझंच बरोबर होतं, फारच रडका आहे.

म्हणून मला तुझ्या सासूबाईंविषयी कुतूहल आहे. तो सिनेमा आला तेव्हा त्या तेवीस-चोवीस वर्षांच्या. शिरपूरहून चोपडा, यावल करत एसटी बदलत भुसावळला आलेली पोर. त्यांनी तो कुठे पाहिला, कुणाबरोबर, तेव्हा त्यांच्या मांडीवर तुझा नवरा होता का, हे तू कधी विचारलंस? मला वाटतं नाही. मीही माझ्या सासूला विचारलं नव्हतं. ती स्वतःहून तिकीट काढून आम्हाला का घेऊन गेली, हे कोडं मला आजपर्यंत सुटलेलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

आणि आपल्या खानदेशात तर या सिनेमाला जमीन आधीच भिजलेली मिळाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. ती गाणी नीट ऐक, निम्मी माहेरच्या वाटेकडे डोळे लावलेली आहेत. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंनी तर सांगूनच ठेवलंय की लेकीला माहेर असावं म्हणून आई सासरी नांदत राहते. ही बाई १९५१ मध्ये गेली, तिच्या कविता पुस्तकात आल्या त्या गेल्यावर, आणि १९६१ च्या ‘मानिनी’तून त्या मराठी पडद्यावरही पोचल्या. दळताना, झोक्यावर जे गायलं जात होतं तेच पुढे मोठ्या आवाजात, रंगीत होऊन टॉकीजला आलं. आवाज जरा जास्तच मोठा झाला, हे मान्य.

आता तुझ्या दैवताकडे येते. स्मिता माझंही दैवत आहे, त्यामुळे तिच्याविषयी बोलायचा हक्क तुझ्याइतकाच मला. पण “तिच्यापुढे मला दुसरं कुणी दिसतच नाही” या वाक्यावर मी थांबले. ज्या १९८२ मध्ये ‘उंबरठा’ आला त्याच १९८२ मध्ये ‘नमक हलाल’ही आला. तीच बाई, एकीकडे महिलाश्रमाची अधीक्षक सुलभा महाजन आणि दुसरीकडे पावसात अमिताभबरोबर भिजणारी नायिका. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार घेतलेली नटी होती ती. तिला जे वर्ज्य नव्हतं ते तिच्या भक्तांनी का वर्ज्य ठरवावं? मला विचारशील तर पावसातली स्मिता मला अवघडलेली दिसते. पण दिसते, आणि मी पाहते.

‘मंथन’ तर तू पाहिलाच असशील. १९७६ चा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले आणि श्याम बेनेगलांनी तो काढला. मग तेच शेतकरी आपला सिनेमा बघायला ट्रक भरभरून आले. म्हणजे तुझ्या स्मिताचा सिनेमा ट्रकमधून पाहिला गेला आणि माझ्या सासूचा ट्रॉलीतून. ‘मंथन’ कितीतरी चांगला, त्यात वाद नाही. पण गाडीतून उतरणाऱ्या माणसांच्या तोंडावरचा भाव सारखाच असणार, असं आपलं मला वाटतं.

आणि एक गोष्ट तू पत्रात लिहून गेलीस आणि तुझ्याच लक्षात आली नाही. सासूबाईंचं माहेर शिरपूर तालुका. अगं, स्मिताचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे! ती जन्मली पुण्यात, दूरदर्शनवर बातम्या वाचायला लागली मुंबईत, पण शिरपूरकडच्या माणसाला विचार, तो तिला “आपली” म्हणतो. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली तेव्हा तुझ्या सासूबाई अठराएक वर्षांच्या असतील, आणि त्याच तालुक्यात. ती बातमी तिथे कशी पोचली असेल? गावात कुणी काय म्हणालं असेल? तू ‘उंबरठा’ची पारायणं करतेस आणि तुझ्या स्वयंपाकघरात शिरपूरची बाई बसली आहे, जिला तू एकदाही विचारलं नाहीस. माझा जीव नुसता तळमळला वाचताना.

आता ‘उंबरठा’. जब्बार पटेलांनी तो काढला शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून. सुलभा नवरा, मुलगी, भरलं घर सोडून नोकरीला जाते. मोडून परत येते तेव्हा घरात तिच्यासाठी जागा उरलेली नसते, आणि ती पुन्हा निघते. तुला आठवत असेल, त्या घरातही एक सासू आहे. शिकलेली, समाजकार्यात नाव असलेली, आवाज न चढवणारी. ती सुनेला छळत नाही, पण तिला कळूनही घेत नाही. उषा नाडकर्णींच्या सासूपेक्षा मला तिची जास्त भीती वाटते, कारण ती मला आरशात दिसते. नऊ वर्षांच्या अंतरानं आलेले हे दोन सिनेमे, आणि दोन्हीकडे बाई दाराच्या चौकटीशीच उभी आहे. एक बाहेर पाऊल टाकते, दुसरीला ते सुचतही नाही. बाहेर पाऊल टाकणारीची गोष्ट मोठी आहे, हे मी म्हणेनच. पण माझ्या ट्रॉलीतल्या वीस बायकांपैकी किती जणींच्या पर्समध्ये, म्हणजे पर्स असती तर, बसचं भाडं होतं? त्या दुसरीला ओळखत होत्या.

‘कोर्ट’विषयी. पहिल्यांदा पाहताना मला झोप लागली होती, हे छापायला माझी हरकत नाही. दुसऱ्यांदा मुलीनं चिमटे काढत दाखवला आणि मी हादरले. त्यात ती सरकारी वकील आठवते? गीतांजली कुलकर्णीनं केलेली. कोर्टात निर्दयपणे कायदा वाचते, आणि मग लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते, सुटीच्या दिवशी घरच्यांना घेऊन नाटकाला जाते. ते नाटक तुला-मला आवडणार नाही असं आहे, आणि ती मंडळी हसतात, टाळ्या वाजवतात. चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा तेव्हा काय करतो? काही नाही. लांब उभा राहतो आणि बघू देतो. त्यांच्या नाटकावर तो एकही टोमणा मारत नाही. तुझ्या आवडत्या दिग्दर्शकाला कानबाईच्या रात्री तुमच्या घरी बसवलं असतं तर तो कांद्यांविषयी काही बोलला नसता, एवढंच माझं म्हणणं.

सासूबाईंच्या आवडीतल्या एका माणसाविषयी मात्र मी तुझ्याविरुद्ध उभी राहणार. अशोक सराफ. तुझ्या सगळ्या यादीत पोट धरून हसावं असा एकही सिनेमा नाही, याचं मला वाईट वाटतं. रडवायला पार्श्वसंगीत मदतीला येतं, हसवायला कुणी येत नाही. हा माणूस तुझ्यासारखाच बँकेत नोकरीला होता. ‘पांडू हवालदार’मध्ये १९७५ साली दादा कोंडक्यांसमोर उभा राहिला. दादांसमोर उभं राहायचं म्हणजे चालत्या मळणीयंत्रासमोर उभं राहण्यासारखं, आणि हा तिथे टिकला. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा, त्यातला धनंजय माने पाहा. इतर तिघे गोंधळ घालतात आणि हा गोंधळ सावरत राहतो. सगळा विनोद त्याच्या त्या सावरण्यात आहे, संवाद नसतानाच्या त्याच्या चेहऱ्यात आहे. आवाज बंद करून बघ एकदा. महाराष्ट्रभूषण मिळायला त्याला पंचाहत्तरी ओलांडावी लागली, यात आपल्या तोंड वाकडं करण्याचाही वाटा आहे.

दादा कोंडक्यांविषयी माझं मत अर्धं-अर्धं आहे. दुहेरी अर्थाच्या काही जागांना मी अजूनही उठून पाणी प्यायला जाते. पण त्या नाडीवाल्या चड्डीतल्या माणसाला प्रेक्षक कळत होता तेवढा फार थोड्यांना कळला. पुढे जाऊ.

तुझ्या यादीत ‘सामना’ आहे म्हणजे निळू फुले आलेच. त्यांना खेड्यापाड्यात बायका खरोखरचा वाईट माणूस समजायच्या, तोंडावर शिव्या घालायच्या. आणि हा माणूस सेवा दलातला, एके काळी बागकाम करून पोट भरलेला. खाष्ट सासूचा चेहरा म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या ललिता पवारांचंही तसंच. १९४२ मध्ये सेटवर भगवानदादांच्या हातची थप्पड जोरात बसली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, नायिकेची कामं गेली. त्या डोळ्यानं मग तीन पिढ्यांच्या सुनांना घाबरवलं. पण त्याच ललिताबाई ‘श्री ४२०’ मध्ये केळी विकतात आणि ‘अनाडी’त राज कपूरवर रागावत माया करतात. मी जळगावची, आमच्याकडे केळीवाल्या रोज दारावर येतात, पण तसली एकही अजून भेटली नाही. विषय भरकटला. पण चेहऱ्यावरून माणूस ठरवायचा आपला धंदा जुना आहे एवढं यातून घे, बाकी सोड.

अहिराणी गाण्यांवर मी फार बोलत नाही. निम्मी मला आवडत नाहीत, ढोल फार वाजतो. पण शहरातल्या लग्नात आमची बोली डीजेवर ऐकू येईल आणि पुण्याची पोरं त्यावर नाचतील, हे मला तिशीत कुणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं. आमच्या वेळी कॉलेजात अहिराणी तोंडून निघाली की पोरी एकमेकींकडे बघून हसायच्या. साधारण तुझ्या दिरांची पोरं हसली तशा.

आता माफीचं. मत बदललेलं नाही, तर मताची माफी मागू नकोस. खोटी माफी सासवांना चटकन कळते, आम्ही स्वतः आयुष्यभर तसल्या मागितलेल्या असतात. माफी मागायची ती जागेची. सिनेमा बरा की वाईट, हे तुम्ही दोघी एकट्या असताना बोललं असतं तर एक वाद झाला असता, संपला असता. तू ते बोललीस सगळ्या भावकीत, कानबाईच्या रात्री, जिथे त्या यजमानीण होत्या. आणि हसणाऱ्यांत त्यांचा मुलगा होता. मला वाटतं त्या तुझ्या कांद्यांपेक्षा त्याच्या हसण्यानं जास्त उठल्या. हे तू त्याला सांग. “तुमचं तुम्ही बघून घ्या” म्हणायची सोय त्याला नाही. तो हसला होता, त्यानं त्याचं वेगळं बोलावं, तू नसताना.

तू काय म्हणायचं? भाषण करू नकोस. रविवारी शेवेची भाजी करायचं ठरव. कांदे तूच कापायला घे, भरपूर घे. त्या तिथे असतीलच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं की म्हण, “आई, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं मी.” बस. सिनेमाचं नाव घेऊ नकोस. त्या बहुतेक काही बोलणार नाहीत, किंवा “राहू दे, बारीक चीर” असं काहीतरी म्हणतील. चालेल. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, काम करता करता, शिरपूरचं विचार. स्मिता गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात? हा प्रश्न माफीला जोडून विचारू नकोस, नाहीतर लाच वाटेल.

आणि जिन्यात टीव्हीचा आवाज ऐकू आला तर दोन दिवस जरा उशिरा दार उघड. चपला वाजवत ये. किंवा फोन कर की दहा मिनिटांत येतेय, काय बघताय ते बंद करू नका, मलाही शेवट बघायचाय. शेवट कशाचा आहे ते येऊन कळेलच.

राहिला सिनेमा. पहिला त्यांना निवडू दे, आणि तो कुठलाही असो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बस. ‘उंबरठा’ लगेच लावू नकोस. सुनेनं सासूला ‘उंबरठा’ दाखवायचा म्हणजे पोस्टानं नोटीस पाठवल्यासारखं होतं. ‘जैत रे जैत’ चालेल, पण तो तुझ्या हुकमाचा पत्ता आहे, राखून ठेव. मी सुचवते तो ‘एक होता विदूषक’, १९९२ चा. दिग्दर्शक तुझे जब्बार पटेल. नायक लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे ज्याला पाहून तुझ्या सासूबाई हसत आल्या तो, आणि इथे तो हसवता हसवता असा काही थांबतो की काळजात गोळा येतो. पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे. आणि गाणी आपल्या शेजारच्या ना. धों. महानोरांची, अजिंठ्याच्या डोंगरातल्या पळसखेड्याच्या रानातली. तमाशाच्या फडातल्या पोराची गोष्ट आहे, सारंगखेड्याच्या यात्रेत राहुटीबाहेर उभं राहून ज्यांनी ढोलकी ऐकली आहे त्या बाईला ती समजावून सांगावी लागणार नाही. कदाचित त्याच तुला चार गोष्टी सांगतील. सिनेमा लांब आहे, मध्ये चहाला थांबा. तुझ्या नवऱ्याला चहा करायला लाव, तेवढं त्याला जमेल.

एक सूचना. पाहताना त्या रडल्या तर त्यांच्याकडे बघू नकोस. आणि तू रडलीस तर लपवू नकोस. नाही रडलीस तर तसंही चालेल, मी त्या टॉकीजमध्ये एकटीच कोरडी होते आणि तरी मला परतीच्या ट्रॉलीत जागा मिळाली होती.

मला पुढचं पत्र पाठव. भांडण मिटलं की नाही हे दोन ओळींत लिहिलंस तरी पुरे. पण शिरपूरचं सविस्तर लिही. त्या डिसेंबरात तिकडे काय झालं, सासूबाईंनी ते कुणाकडून ऐकलं, त्या तेव्हा काय करत होत्या, सगळं. त्यांनी अहिराणीत सांगितलं तर अहिराणीतच लिही, मी वाचून घेईन.

— तुझी ताई